शेवटच्या माणसाचं काम

बागेत ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी जिथे लावलेली असे, नेमके तिथूनच काका चालत. मयूर विहारातल्या आमच्या सोसायटीसमोर एक बाग होती आणि तिच्यात फिरायला येणाऱ्यांसाठी गोल फरसबंदी वाट होती. सगळी सोसायटी सकाळ-संध्याकाळ त्या वाटेवरून गोल गोल फिरायची. हे मात्र फाटकातून आत शिरले की सरळ हिरवळ तुडवत, गुलाबाचे वाफे ओलांडत, पलीकडच्या कुंपणाच्या भगदाडातून बाहेर. चौकीदार रोज शिट्टी फुंकायचा आणि हे रोज त्याला हात उंचावून नमस्कार करायचे. एकदा त्याने वैतागून विचारलं, "बाबूजी, रास्ता बना हुआ है, फिर भी?" तर म्हणाले, "बना हुआ है, इसीलिए." त्यानंतर चौकीदाराने मला बाजूला घेऊन विचारलं की साहेबांच्या डोक्याला कधी मार वगैरे लागला होता का. मी नाही म्हणालो, पण फारशा खात्रीने नाही.

मी त्यांचा भाडेकरू होतो. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरी लागली म्हणून दिल्लीत आलो, तेव्हा वय सव्वीस आणि हिंदी इतकी कच्ची की भाजीवाला मला हसून दोन मिरच्या जास्त द्यायचा. मयूर विहारात एक नगरकडचं ख्रिस्ती कुटुंब आहे, मराठी माणसाला खोली देतात, असं कुणीतरी सांगितलं. चौथा मजला. काकूंनी दार उघडलं, मला खालून वर पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की डोंगरबिंगर चढत नाहीस ना? मी नाही म्हणालो. मग राहा, म्हणाल्या. पुढे दोनच वर्षांत मी त्यांच्या नवऱ्याबरोबर पाठीला बोजा लावून निघायला लागलो, तेव्हा त्यांना फसवल्यासारखं वाटलं असणार. पण त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही.

काका नकाशे काढणाऱ्या एका सरकारी कचेरीत होते. बत्तीस वर्षं त्यांचं काम एकच: डोंगरी मुलुखाच्या नकाशावर वाटांच्या रेघा तपासायच्या. खेचराची वाट कुठली, नुसती पायवाट कुठली, रेघ कुठे तुटक आणि कुठे सलग. दिवसभर हे करून घरी यायचे, चहा प्यायचे आणि जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंगचा कागद पसरून तोच मुलूख पुन्हा काढायला बसायचे. त्यांच्या घरच्या नकाशात सगळं असायचं. ओढे, कडे, हिमनद्या, उंचीच्या रेषा, गुराख्यांच्या झोपड्यासुद्धा. फक्त वाट एकही नसायची. असे अकरा-बारा नकाशे बैठकीच्या भिंतीवर लावलेले होते आणि मधोमध काकूंचा येशू होता. मी एकदा विचारलं की वाटा का गाळता? ते म्हणाले, "वाट म्हणजे दुसऱ्याने करून ठेवलेला विचार. ऑफिसात पगार मिळतो म्हणून काढतो. घरी कशाला?"

माणूस बोलायला असा तुटक होता, पण खडूस नव्हता. माझ्या तापात दोन रात्री उशाशी बसून राहिला होता. फक्त त्याच्या डोक्यात एक डोंगर कायम उभा असायचा आणि बाकीचं जग त्याच्या पायथ्याशी. मे महिन्यात दिल्लीत लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, सुटली की लोक खिडक्या बंद करतात. हे शिजवलेली खिचडी ताटांत पसरून गच्चीवर नेत. दुपारभरात ती वाळून खडखडीत होई, मग ती मिक्सरमधून काढून पिशव्यांत भरायची. डोंगरात गरम पाणी ओतलं की जेवण तयार. ती खिचडी मी खाल्लेली आहे. भूक फार लागली असेल तर ती खाता येते, एवढंच म्हणतो.

रविवारी सकाळी काकू चर्चला निघाल्या की हे जिन्याकडे निघत. इमारत आठ मजली. पाठीवरच्या सॅकमध्ये विटा, आणि विटा टोचू नयेत म्हणून त्या काकूंच्या जुन्या साडीत गुंडाळलेल्या. वीस वेळा वर, वीस वेळा खाली. सोसायटीच्या सेक्रेटरीने नोटीस लावली की जिन्यात वजन घेऊन विनाकारण चढउतार करू नये. काकांनी तिच्याखाली पेन्सिलीने लिहिलं, ‘कारण आहे.’ ती नोटीस वर्षभर तशीच होती.

या जिन्यावर मला मिलिंद भेटला. मिलिंद मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनीअर होता. वडील हातमागाच्या सरकारी कचेरीत, त्यामुळे वाढला सगळा पानिपतात. रविवारी पहाटे मानेसरहून शेअर ऑटो, मग मेट्रो असं करत मयूर विहारला यायचा, काकांबरोबर जिना चढायचा आणि काकूंच्या हातचं जेवून परत जायचा. हसरा, रुंद खांद्यांचा, आणि मराठी अशी की वाक्य आपलं, शब्द हरियाणाचे. "काका, आज घुटना थोडा दुखतोय, पण चलो, बघू." काका त्याला शब्द शिकवायचे. घसारा म्हणजे निसरडी खडी. घळ म्हणजे दोन कड्यांमधली उतरती चीर. तो ते पाठ करायचा, आणि पुढल्या रविवारी विसरून यायचा.

एक शब्द मात्र तो विसरला नाही. लहानपणी आपण सात दगडांची उतरंड रचून चेंडूने फोडायचो, त्या लगोरीला त्यांच्याकडे पिट्ठू म्हणतात. डोंगरात जिथे वाट नसते तिथे चालणारे लोक दगडावर दगड ठेवून खुणा करतात. काका त्याला लगोरी म्हणत, म्हणून मिलिंदही म्हणायला लागला.

या लगोऱ्यांबद्दल काकांचा एक नियम होता, आणि आता मला जे सांगायचं आहे ते त्या नियमाशिवाय सांगता येणार नाही. ते हमाल घेत नसत. सामान जास्त असलं तर दोन खेपा करायच्या. पहिल्या खेपेत अर्धं सामान वरच्या मुक्कामाला पोचवायचं आणि जाताना लगोऱ्या लावत जायचं, म्हणजे धुकं आलं तरी खाली परत येता येतं. दुसऱ्या खेपेत उरलेलं सामान घेऊन पुन्हा चढायचं. या दुसऱ्या खेपेत जो सगळ्यांत मागे असेल त्याने एकेक लगोरी फोडत यायचं. मागे काही ठेवायचं नाही. मागून येईल त्याला डोंगर कोरा मिळाला पाहिजे, असं काकांचं म्हणणं. दुसऱ्यांनी लावलेल्या दिसल्या तरी ते फोडत. आणि तो शेवटचा माणूस मुक्कामाला पोचला की पाठीवरचा बोजा उतरवायच्या आधी काका विचारत, "बोल, किती?" त्याने फोडलेल्या लगोऱ्यांचा आकडा सांगायचा. लावलेल्या आणि फोडलेल्या सारख्या निघाल्या पाहिजेत असं काही नव्हतं. लावताना कुणी मोजत नसे. आकडा फक्त शेवटच्या माणसाला माहीत असायचा. काका तो आपल्या निळ्या वहीत, त्या दिवसाच्या पानावर, त्याच्या नावापुढे लिहीत. मग म्हणत, "झालं. पाणी पी." त्याआधी पाणी नाही.

वेडेपणा होता. पण तीन माणसं पाच दिवस निर्जन मुलखात असली की असल्या वेडेपणाचीच शिस्त होते आणि शिस्तीचा मान होतो. शेवटचा माणूस कायम मिलिंद असायचा. वहीत पानापानावर त्याचं नाव आणि पुढे आकडा. नऊ, सहा, सात. मला त्याचा हेवा वाटायचा हे आज सरळ कबूल करतो. माझं नाव त्या वहीत ‘सोबत’ या रकान्यात होतं.

काका डिसेंबरात निवृत्त होणार होते. त्या सप्टेंबरात त्यांना एक मोठी चाल पुरी करायची होती. गढवालातली दोन खोरी आणि त्यांच्या मधली एक लांबलचक धार. कुणी या खोऱ्यातून त्या खोऱ्यात गेलं तर खिंडीच्या वाटेने जातं. काकांना धारेधारेने, वाट सोडून, अकरा दिवसांत पलीकडे उतरायचं होतं. दहा वर्षं भिंतीवरच्या एका नकाशावर त्यांनी ती रेघ पेन्सिलीने काढून ठेवली होती. निघताना काकूंनी माझ्या कपाळाला हात लावून प्रार्थना म्हटली. काकांच्या बाबतीत त्यांनी तो नाद केव्हाच सोडला होता.

पहिले सहा दिवस चांगले गेले. सातव्या दिवशी आम्हाला एका गवताळ खळग्यातून वर, धारेच्या खांद्यावर मुक्काम हलवायचा होता. मध्ये धोंड्यांचा मोठा उतार, आणि त्याच्या वर शेजारी शेजारी तीन घळी. खालून तिन्ही एकसारख्या. डावीकडचीच तेवढी वर पोचते. मधली आणि उजवी वर जाऊन कड्यावर संपतात, हे शोधून काढायला सकाळचे दोन तास गेले. म्हणून काकांनी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त लगोऱ्या लावल्या.

दुसऱ्या खेपेला मी हट्ट धरला की आज शेवटचा मी. मिलिंद म्हणाला, "बिल्कुल, तू ये मागून." काकांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि निघाले. त्यांच्यामागे मिलिंद. माझ्या वाट्याच्या सामानात रॉकेलचा एक कॅन होता. सॅक उचलली तर माझ्याने उभं राहवेना. डोकं सकाळपासून ठणकत होतं, उंची लागली होती. पण हट्ट करून घेतलेलं काम, आता वजन जास्त आहे म्हणून हाक कशी मारायची? वर एक कॅन गेलेला आहेच, तेवढ्यात भागेल, असं मी ठरवलं आणि हा कॅन एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला ठेवून दिला. कुणाला सांगितलं नाही. आणि वर चढताना एकेक लगोरी बुटाने फोडत गेलो. बरं वाटत होतं फोडताना. मोजत होतो, आकडा तोंडात घोळवत होतो.

वर पोचलो तेव्हा काका नव्हते. बोजा टाकून ते पुढची धार बघायला गेले होते. त्यामुळे "बोल, किती?" कुणी विचारलं नाही. मी ओकलो आणि तंबूत जाऊन आडवा झालो. थोड्या वेळाने मिलिंदने तंबूच्या दारातून डोकं आत घातलं. वरच्या कॅनचं झाकण सैल राहिलं होतं आणि रॉकेल सगळं तांदळाच्या पिशवीत झिरपलं होतं. स्टोव्ह नाही तर बर्फ वितळवता येत नाही, आणि वर पाण्याचा दुसरा थेंब नव्हता. दुसरा कॅन कुठे आहे, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, खाली, मोठ्या धोंड्यापाशी. तो चिडला नाही. तो चिडत नसे.

"अरे यार, सांगायचं ना," तो म्हणाला. "पडून राहा तू. मी आणतो. लगोऱ्या आहेत ना अजून?"

मी म्हणालो, "हूं."

पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्याचा प्रश्न मला ऐकूच आला नव्हता, मी ग्लानीत होतो. ते खोटं आहे. मला ऐकू आला होता. फोडल्या म्हटलं असतं तर पुढे सांगावं लागलं असतं की खाली कॅन ठेवून मी त्याच्याकडे जाणाऱ्या खुणा मोडत आलो, आणि ते इतकं मूर्खपणाचं होतं की त्या क्षणी माझ्या तोंडून निघेना. त्याने बोलणं थांबवावं आणि जावं, एवढंच मला वाटत होतं. तो गेला. दुपारचे तीन वाजले असतील, स्वच्छ ऊन होतं.

चारला धुकं आलं. साडेचारला काका परतले. त्यांनी मिलिंदचं विचारलं, मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं की लगोऱ्या आहेत की नाहीत. मी उठून बसलो आणि रडायला लागलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. अंधार पडेपर्यंत ते घळीच्या तोंडाशी शिट्टी वाजवत, हाका मारत उभे होते. मला त्यांनी तंबूतून हलू दिलं नाही.

सकाळी धुकं निघालं. डावीकडच्या घळीतून आम्ही उतरायला लागलो तर वरून पहिल्या तीन ठिकाणी तीन नव्या लगोऱ्या उभ्या होत्या. उतरतानाच त्याला कळलं होतं की खुणा नाहीत, आणि त्याने त्या पुन्हा लावायला घेतल्या होत्या. तीन लावल्या. मग बहुतेक खालून धुकं चढताना दिसलं असेल, म्हणून लावणं सोडून घाई केली. कॅन त्याने घेतला होता. परतताना धुक्यात तो मधल्या घळीत शिरला. तो आम्हाला तिच्या पायथ्याशी सापडला. कॅन त्याच्या बाजूला धोंड्यांत अडकला होता, झाकण घट्ट, आत रॉकेल पूर्ण.

काकांनी स्वतःचं जाकीट काढून त्याच्यावर घातलं. मग आम्ही मदतीसाठी खालच्या गावाकडे निघालो. निघताना त्या तीन लगोऱ्या तशाच उभ्या राहिल्या. काकांनी आयुष्यात न फोडलेल्या तेवढ्याच.

गावातल्या पोलीस चौकीत जबाब घेतला तेव्हा मी बाजूलाच उभा होतो. खुणा कुणी मोडल्या, असं विचारल्यावर काका म्हणाले, "मैंने. नियम मेरा था." मी माझ्या बुटांकडे पाहत राहिलो. मिलिंदचे वडील आले तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. वडिलांनी त्यांना एवढंच म्हटलं की पुन्हा कधी तोंड दाखवू नका. मी बोलायला हवं होतं. पहिल्या दिवशी वाटलं, आता काका बोललेच आहेत. नंतर वाटलं, आता फार दिवस झाले. दोन महिन्यांत मी दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, द्वारकेला खोली घेतली आणि मयूर विहार सोडलं. ऑफिस जवळ पडतं असं कारण सांगितलं. ते जवळ पडत नव्हतं.

दिल्लीतल्या मराठी मंडळींनी काकांना वाळीत टाकलं म्हणायला हरकत नाही. गणपतीत ज्यांच्या घरी त्यांच्या डोंगराच्या गोष्टी ऐकायला माणसं जमत, त्यांनी बोलावणं बंद केलं. पोराचा जीव घेतला, असं लोक म्हणत, आणि मी असलो तर माझ्याकडे सहानुभूतीने पाहत. मला ती सहानुभूती घेता आली. आपल्याला काय काय घेता येतं हे कळायला माणसाला फार वेळ लागत नाही.

नंतरच्या बारा वर्षांत मी काकांना चारदा भेटलो असेन. आणखी एकदा जुन्या सोसायटीत कुणाच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलो होतो. बागेवरून जाताना पाहिलं, तर काका फरसबंदी वाटेवरून चालत होते. बाकीच्या म्हाताऱ्यांच्या मागे, रांगेत, वळणावर वळत. चौकीदार तोच होता. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. मी गेटपाशी थांबलो आणि त्यांना न भेटताच परत फिरलो.

भेटले तेव्हा माझं, बायकोचं, मुलीच्या शाळेचं विचारत. डोंगराचं एक अक्षर नाही. त्या दिवसानंतर त्यांनी मला तो आकडाही कधी विचारला नाही. मला वाटायचं, त्यांनी माफ केलं, विषय संपवला. मनावरचं ओझं थोडं हलकंच व्हायचं.

मग एका फेब्रुवारीत काकूंचा फोन आला. कब्रस्तानात आम्ही पंधरा-वीस माणसं होतो. काकांनी लिहून ठेवलं होतं की वर दगड नको, नाव नको, माती सपाट करायची. पाद्रीबाबांना ते पटलं नव्हतं, निदान एक लहानसा क्रूस तरी, असं ते म्हणत होते. काकूंनी नाही म्हटलं. माती ओढून झाल्यावर काकू तिथे उभ्या राहिल्या आणि शेजारच्या दोन थडग्यांवरची नावं त्यांनी पाठ करून घेतली, पुन्हा आलं तर सापडावं म्हणून.

घरी बैठकीत नकाशे अजून भिंतीवर होते. जवळ जाऊन पाहिलं. प्रत्येकावर वाटा काढलेल्या होत्या, तांबड्या शाईने, एकही न सोडता. गुराख्यांच्या झोपडीपर्यंत जाणाऱ्या वीतभर वाटासुद्धा. गढवालच्या त्या नकाशावर धारेची पेन्सिलची रेघ पुसून टाकलेली होती आणि एका उतारावर तीन बारीक तांबडी वर्तुळं होती. मी कपाटाकडे पाहिलं, जिथे निळ्या वह्या असायच्या.

"ती वही इथे नाही," काकू म्हणाल्या. "गेल्या वर्षी पानिपतला नेऊन दिली त्यांनी. दर सप्टेंबरात जायचे तिथे. तुला नव्हतं माहीत?"

मला माहीत नव्हतं. काकू म्हणाल्या की त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही आणि त्यांनीही विचारलेलं नाही, पण नवऱ्याच्या वह्या त्या लग्नापासून आवरत आल्या आहेत, आणि त्यातलं एक पान अर्धं कोरं आहे. "जाऊन ये," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मराठी माणूस पानिपतला निघाला की घरचे हमखास एक ठरलेला विनोद करतात. माझ्या मुलीने केला. मी रविवारची सकाळची गाडी धरली. पत्ता काकूंनी दिला होता. चादरीच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत जुनं दुमजली घर. मिलिंदच्या आईंनी दार उघडलं. वडील चार वर्षांपूर्वी गेले होते. मी नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मयूर विहारचे भाडेकरू. या." बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं नाही. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी न देणारं घर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

वही मिलिंदच्या फोटोखाली होती. त्यांनी ती आणली आणि खूण न शोधता पान उघडलं. काकांचं अक्षर. दिवस, ठिकाण, उंची, हवा, सोबत. खाली, ‘शेवटचा माणूस’ आणि त्यापुढे काही नाही. ‘किती’ आणि त्यापुढे काही नाही.

त्या सांगू लागल्या. पहिल्या वर्षी ते आले तेव्हा यजमानांनी दार लावून घेतलं. ते दुपारपर्यंत पायरीवर बसले आणि गेले. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी यजमान म्हणाले, घ्या आत. त्या वर्षी आईंनी त्यांना विचारलं, की तुम्ही खुणा किती फोडल्या?

"तर म्हणाले, मला माहीत नाही." त्यांनी वहीवरून हात फिरवला. "मिलिंद घरी आला की पोळी खाता खाता मला सगळं सांगायचा. नियम, आकडा, पाणी, सगळं. ज्याने फोडल्या त्यालाच आकडा माहीत असतो, हे मला माहीत होतं. तेव्हा मी ओळखलं की त्यांनी नाही फोडल्या. कुणी, विचारलं, तर म्हणाले, तो येईल. दरवर्षी आल्यावर पहिलं हेच विचारायचे, आला का? नाव नाही सांगितलं शेवटपर्यंत. मी म्हटलं, तुम्हीच का नाही त्याला घेऊन येत? तर म्हणाले, मी वाट दाखवली तर ते त्याचं येणं नाही."

मग मी सांगितलं. कॅन, हट्ट, बुटाने फोडलेल्या लगोऱ्या, तंबू. "हूं" म्हणालो ते सांगितलं. त्या मध्ये एकदाच बोलल्या.

"त्याने विचारलं ते ऐकू आलं होतं?"

"हो."

त्या माझ्याकडे पाहत होत्या. बाहेर गल्लीत कुणीतरी रिक्षातून चादरींचे गठ्ठे उतरवत होतं, त्यांचा धप धप आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "किती?"

बारा वर्षं आणि पाच महिने तो आकडा माझ्या तोंडात होता.

"चौदा," मी म्हणालो.

त्यांनी वही आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी माझं नाव लिहिलं आणि त्याखाली आकडा. त्या उठून आत गेल्या आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या. पेला माझ्या हातात देताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, वहीकडे पाहत होत्या.

"तीन त्याने परत लावल्या," त्या म्हणाल्या. "म्हणजे अकरा राहिल्या."